मराठी चॅनेलसाठी मोशन ग्राफिक्स शिकायचंय? मग इथून सुरुवात करा

मोशन ग्राफिक्स शिकायचं ठरवलं की बहुतेक जण पहिल्याच दिवशी आफ्टर इफेक्ट्स उघडतात, युट्यूबवर एखादं ट्युटोरियल लावतात, लोगोतून ठिणग्या उडवतात आणि मग विचारतात की आता चॅनेलमध्ये नोकरी कशी लागेल. ठिणग्या जमायला हव्यात, त्यात काही वाईट नाही, पण टीव्हीच्या ग्राफिक्स डिपार्टमेंटचं रोजचं काम वेगळं असतं. तिथे तुम्ही एक पट्टी बनवता आणि पुढे वर्षभर ती दुसरेच लोक वापरतात. रात्री अडीच वाजता डेस्कवरचं कोणीतरी घाईघाईत त्यात "अवकाळी पावसाचा शेतकऱ्यांना फटका" टाइप करतं, एंटर मारतं आणि ते थेट घराघरात जातं, तेव्हा तुम्ही तिथे नसता. त्या वेळी अक्षर कापलं जायला नको, जोडाक्षर फुटायला नको, लांब नाव पट्टीबाहेर जायला नको. म्हणजे आपण साचा बनवतोय आणि तो दुसऱ्याच्या हातात टिकला पाहिजे, हे डोक्यात ठेवून पुढचं सगळं वाचा.

आधी आठवडाभर नुसता टीव्ही बघा

खरंच. कुठलंही मराठी न्यूज चॅनेल लावा, आवाज बंद करा आणि स्क्रीनवर काय काय हलतंय ते वहीत लिहा. खाली बोलणाऱ्याचं नाव आणि हुद्दा येतो तो अ‍ॅस्टन (एका ब्रिटिश कंपनीच्या मशीनवरून हे नाव पडलं आणि आपल्या न्यूजरूममध्ये कायमचं राहिलं), सगळ्यात खाली पळतो तो टिकर किंवा स्क्रोल, कोपऱ्यातला लोगो म्हणजे बग, दोन बातम्यांच्या मध्ये झपकन येतं ते स्टिंग, कार्यक्रमाच्या सुरुवातीला मोंटाज, पूर्ण स्क्रीन भरून आकडे येतात ते फुलफ्रेम किंवा प्लेट, चर्चेत चार-सहा चेहरे दिसतात त्या विंडो, आणि जाहिरात चालू असताना व्हिडिओ आक्रसून बाजूला आणि खाली पट्टा येतो तो एल-बँड. मुलाखतीत "आमच्यासाठी एक ब्रेकिंगची प्लेट आणि दोन ओळींचा अ‍ॅस्टन करून दाखव" असं म्हणाले तर तुम्हाला कळलं पाहिजे.

बघताना घड्याळही लावा. अ‍ॅस्टन किती वेळ राहतो, आत यायला किती वेळ घेतो, जाताना कसा जातो. तुमच्या लक्षात येईल की चांगल्या चॅनेलवर आत येण्याची हालचाल साधारण अर्ध्या सेकंदात संपते आणि मग मजकूर शांत उभा असतो, कारण लोकांना वाचायचं असतं. घरात आजीला चष्म्याशिवाय वाचता येतंय का, हीसुद्धा फार चांगली टेस्ट आहे, आपल्या चॅनेलचा खूप मोठा प्रेक्षक तोच आहे.

सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं

नोकरीच्या हिशोबाने बघितलं तर आफ्टर इफेक्ट्स यायलाच हवं, जोडीला फोटोशॉप आणि इलस्ट्रेटर. १९९३ मध्ये बाजारात आलेलं सॉफ्टवेअर आजही या धंद्याची रोजची भाषा आहे. पण सबस्क्रिप्शन परवडत नसेल तर थांबू नका आणि पायरेटेड कॉपीच्या नादालाही लागू नका. दा विंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत फ्यूजन नावाचा भाग आहे, त्यात उत्तम मोशन ग्राफिक्स होतात. थ्रीडीसाठी ब्लेंडर पूर्ण मोफत आहे. अक्षरं आणि व्हेक्टरसाठी इंकस्केप मोफत. सहा महिने एवढ्यावर नीट काम केलंत तर नंतर आफ्टर इफेक्ट्सवर जाणं जड जात नाही, कारण कीफ्रेम (हालचाल कुठून सुरू आणि कुठे संपणार ते ठरवणारे टप्पे), ईझिंग (वेग हळूहळू वाढणं-कमी होणं), मास्क (हवा तेवढाच भाग दाखवणं), अल्फा (पारदर्शकता) या गोष्टी सगळीकडे सारख्याच आहेत, बटणं फक्त वेगळ्या जागी असतात.

कॉम्प्युटरला १६ जीबी रॅम किमान, ३२ असेल तर निवांत. महागड्या ग्राफिक्स कार्डाच्या आधी एसएसडी आणि रॅमवर पैसे घाला.

नवीन कॉम्पोझिशन उघडल्यावर सगळ्यात आधी

१९२० बाय १०८०, २५ फ्रेम्स पर सेकंद. हे २५ पाठच करा. आपल्याकडे टीव्ही पाल पद्धतीवर वाढला, त्यामुळे आजही ब्रॉडकास्ट २५ वर चालतं, आणि ट्युटोरियल बहुतेक अमेरिकेतली असल्यामुळे ती २९.९७ किंवा ३० वर असतात. आंधळेपणाने तेच सेटिंग ठेवलं की चॅनेलच्या सर्व्हरवर गेल्यावर हालचाल अडखळते आणि कारण सापडता सापडत नाही.

दुसरं म्हणजे इंटरलेस. बरीच चॅनेल्स १०८०आय ५० मध्ये जातात, म्हणजे एक फ्रेम दोन अर्ध्या भागांत, एक आड एक ओळींनी दाखवली जाते. यात एक पिक्सेलची आडवी रेघ लुकलुकते. आता आपल्या लिपीकडे बघा, प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर आडवी रेघ आहेच! रोमन लिपीला हा त्रास एवढा नाही. म्हणून छोट्या साइझला पातळ वजनाचा देवनागरी फॉन्ट टीव्हीवर घेऊ नका, मीडियम किंवा सेमीबोल्डपासून सुरुवात करा. लॅपटॉपवर लाइट वजन फार देखणं दिसतं, टीव्हीवर शिरोरेषा थरथरते.

टिकरचंही तसंच. त्याचा वेग पिक्सेलच्या पूर्ण आणि शक्यतो सम संख्येत ठेवा, म्हणजे एका फ्रेममध्ये ४ किंवा ६ पिक्सेल. ४ पिक्सेल म्हणजे सेकंदाला १००, एक शब्द या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला १९ सेकंदांच्या वर लागतात, ६ केलं तर तेरा सेकंदांच्या आत. साडेचार-पावणेपाच असलं काहीतरी ठेवलं की अक्षरांच्या कडा सतत वळवळतात आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांना त्रास होतो.

सेफ एरियाची, म्हणजे कुठल्याही टीव्हीवर कडेला कापला न जाणाऱ्या भागाची, गाईड चालू ठेवा. पूर्वी मजकूर मधल्या ८० टक्क्यांत ठेवायचे, वाइडस्क्रीनच्या नव्या मानकात मजकुराला ९० टक्के चालतात. म्हणजे डावीउजवीकडे ९६ आणि वरखाली ५४ पिक्सेल सोडायचे. चॅनेलची स्वतःची गाईड असेल तर तीच पाळायची.

देवनागरी, इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

परदेशी कोर्स तुम्हाला सगळं शिकवतील, हे शिकवणार नाहीत, आणि मराठी चॅनेलमध्ये तुमची किंमत याच गोष्टीने ठरते.

आफ्टर इफेक्ट्सच्या जुन्या आवृत्तीत मराठी टाइप केलं की वेलांटी भलतीकडे जाते, "प्र" चा "प् र" होतो. प्रेफरन्सेसमध्ये टाइप विभागात जाऊन टेक्स्ट इंजिन साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न करायचं, सॉफ्टवेअर बंद करून परत उघडायचं. प्रीमियरमध्ये असंच सेटिंग ग्राफिक्स विभागात मिळेल, फोटोशॉपमध्ये ते वर्ल्ड-रेडी लेआउट या नावाने आहे. ब्लेंडरचं टेक्स्ट ऑब्जेक्ट देवनागरीसाठी भरवशाचं नाही, तिथे थेट टाइप करण्यापेक्षा इंकस्केपमध्ये शब्द लिहा, त्याचे पाथ करा, एसव्हीजी म्हणून आणा आणि मग जाडी द्या. सिनेमा फोरडीमध्येही इलस्ट्रेटरमधून पाथ आणणं जास्त सुरक्षित.

आता अ‍ॅनिमेशन. तयार टेक्स्ट प्रीसेट जवळजवळ सगळे एकेक अक्षर सुटं करून उडवतात. इंग्रजीत ते छान दिसतं. मराठीत "महाराष्ट्र" असं उडवलं की शिरोरेषेचे तुकडे होतात, "ष्ट्र" कुठे तुटेल याचा नेम नाही, आणि काना एकटाच हवेत लटकतो. उपाय सोपा आहे, रेंज सिलेक्टरमध्ये जाऊन कॅरेक्टर्सच्या जागी वर्ड्स करा. शब्द पूर्ण येऊ दे. किंवा मास्कने डावीकडून उजवीकडे उघडा, मराठी हाताने लिहिताना ओळ जशी सरकते तसंच ते दिसतं आणि डोळ्याला पटतं. मला स्वतःला अजून एक पद्धत फार आवडते, आधी शिरोरेषा ओढली जाते आणि मग तिच्याखाली अक्षरं उतरतात, पण ती मोंटाजसाठी किंवा कार्यक्रमाच्या नावासाठी ठेवा, रोजच्या अ‍ॅस्टनला नको. ट्रॅकिंग (अक्षरांमधलं अंतर) वाढवणं तर विसराच, अक्षरांत फट पडली की शिरोरेषा तुटून शब्द मोडल्यासारखा दिसतो.

आणि ओळींमधलं अंतर. इंग्रजी टेम्प्लेटमध्ये दोन ओळी जितक्या जवळ असतात तितक्याच जवळ मराठी ठेवल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर किंवा मात्रेवर आदळतो. टेस्ट करायला वर "पुण्यातून मुंबईकडे कूच" आणि खाली "सर्वपक्षीय मोर्चा" असं काहीतरी टाकून बघा. वर-खाली दोन्हीकडे सामान असलेले शब्दच टेस्टला घ्यायचे, "कमल नमन कर" टाकून काही कळत नाही.

फॉन्ट निवडताना "शेतकऱ्यांना" हा शब्द पहिल्यांदा टाइप करा. मराठी चॅनेलवर हा शब्द रोज येतो. त्यातला "ऱ्या" म्हणजे तो आडवा अर्धा र, हिंदीपुरता बनवलेला फॉन्ट असेल किंवा जुन्या फॉन्टमधला मजकूर कन्व्हर्ट करून आला असेल तर तिथे हमखास "शेतकर्यांना" असा रफार तरी येतो नाहीतर हलन्ताचा पाय मोडलेला दिसतो. "सुऱ्या", "वाऱ्यासह", "कोऱ्या" हेही बघा. ल आणि श ची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी असतात, काही फॉन्टमध्ये ती भाषा मराठी निवडली की आपोआप येतात, काहींत नसतातच. मोफत फॉन्टमध्ये मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बलू, गूगलचा नोटो सॅन्स देवनागरी, इंडियन टाइप फाउंड्रीचे हिंद, खंड आणि तेको एवढे हाताशी ठेवा. खंड-तेको अरुंद आहेत, कमी जागेत लांब मथळा बसवायला बरे पडतात. श्रीलिपीसारख्या जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधला मजकूर आला तर तो युनिकोडमध्ये करून घ्या आणि नंतर शब्द न् शब्द वाचा.

वेळ मिळेल तेव्हा कमल शेडग्यांची अक्षरं बघत जा, नाटकांच्या जाहिरातींतली त्यांची नावं नुसती बघितली तरी नाटक विनोदी आहे की गंभीर ते कळायचं. र. कृ. जोशींचं कामही शोधून बघा, विंडोजमधला मंगल फॉन्ट त्यांचाच. अच्युत पालवांची कॅलिग्राफी आहेच. आपल्याकडे अक्षराची एवढी मोठी परंपरा असताना आपल्याच चॅनेलची पट्टी भाषांतर केल्यासारखी दिसावी हे मला मनापासून खटकतं.

पहिला खरा प्रोजेक्ट: दोन ओळींचा अ‍ॅस्टन

एक कॉम्पोझिशन (कॉम्प) उघडा, मागे कुठलाही बाइटचा, म्हणजे कॅमेऱ्यासमोर बोलणाऱ्या माणसाचा, व्हिडिओ ठेवा, नुसत्या काळ्या बॅकग्राउंडवर डिझाइन करू नका कारण खऱ्या आयुष्यात मागे पांढरा शर्ट असतो. खाली डावीकडे नावाची पट्टी, तिच्याखाली हुद्द्याची. नाव मोठं, हुद्दा लहान, रंग दोन-तीनच.

मग पट्टीची रुंदी मजकुरावर बांधा. पट्टीच्या साइझवर एक्स्प्रेशन (कोडची छोटी ओळ) टाकायचं, त्यात सोर्स रेक्ट अ‍ॅट टाइम नावाचं फंक्शन असतं, ते टेक्स्ट लेयरची खरी रुंदी सांगतं, त्यात दोन्ही बाजूंची मोकळी जागा मिळवली की नाव छोटं असो की मोठं, पट्टी आपोआप तेवढी होते. मात्र कमाल रुंदीचीही अट घाला, नाहीतर पट्टी उजवीकडून बाहेर निघून जाईल. मजकूर त्याच्याही पुढे गेला तर अक्षराचा साइझ थोडा कमी व्हावा असं लिहा, पण एका मर्यादेपर्यंतच.

आता त्यात मुद्दाम त्रासदायक मजकूर टाका. नावात फक्त "उमा" टाका. मग हुद्द्यात "प्रवक्ते, शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे)" टाका, मग "राष्ट्रवादी काँग्रेस पार्टी (शरदचंद्र पवार)". ही पक्षांची अधिकृत नावं आहेत, ती मनाने कापता येत नाहीत, तेव्हा डिझाइननेच जागा करून द्यायची. हे सगळं न तुटता बसलं की आत येणं १२ ते १५ फ्रेम्समध्ये आणि बाहेर जाणं ८-१० मध्ये करा, ग्राफ एडिटर उघडून ईझिंग हाताने घडवा, डिफॉल्ट ईझी ईझवर सोडून देऊ नका. शेवटी एसेन्शियल ग्राफिक्समधून मोगर्ट (प्रीमियरमध्ये नुसता मजकूर बदलून वापरता येणारा साचा) म्हणून काढा आणि एखाद्या एडिटर मित्राला द्या. तुम्ही शेजारी उभे राहून काही समजावू नका, त्याला स्वतःहून वापरता येतंय का तेवढं बघा.

व्हिडिओ म्हणून द्यायचा असेल तर अल्फासकट द्या, प्रोरेस ४४४४ किंवा पीएनजी सिक्वेन्स. नेहमीच्या एचडॉट२६४ एमपीफोरमध्ये पारदर्शकता राहत नाही. स्ट्रेट आणि प्रीमल्टिप्लाइड या अल्फा साठवायच्या दोन पद्धती, त्यांतला फरक इथेच समजून घ्या, सावलीच्या कडेला काळपट किनार दिसायला लागली की नव्वद टक्के वेळा तिथेच घोळ असतो.

मग नकाशा आणि निकाल

महाराष्ट्राचा जिल्हानिहाय नकाशा बनवा. जिल्हे ३६ हवेत, नेटवरच्या जुन्या फाइलींमध्ये ३५ असतात कारण पालघर २०१४ मध्ये वेगळा झाला. नावं आजची हवीत, छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर. "बीड" आणि "छत्रपती संभाजीनगर" दोन्ही एकाच नकाशात वाचता आले पाहिजेत, हे लेबल बसवणं म्हणजे चांगला व्यायाम आहे. भारताच्या सीमा सर्व्हे ऑफ इंडियाप्रमाणेच, परदेशी टेम्प्लेटमधला भारताचा नकाशा कधीही थेट ऑन एअर द्यायचा नाही. त्याच नकाशावर पावसाचे अलर्ट लावा, हिरवा, पिवळा, ऑरेंज, रेड. हे हवामान खात्याचे रंग आहेत, तुमच्या थीमला शोभत नाहीत म्हणून ऑरेंजचा गुलाबी करता येत नाही, कोणाचातरी मासेमारीला जायचा निर्णय त्यावर असतो.

दुसरा व्यायाम विधानसभा निकालाचा. २८८ जागा, बहुमत १४५. बोर्डवर आघाड्यांच्या जागा, मध्ये १४५ ची रेघ, आकडा बदलला की बार वाढतो. आकडे सीएसव्ही फाइलमधून आणा, हाताने कीफ्रेम करू नका, कारण मतमोजणीच्या दिवशी आकडा दर मिनिटाला बदलतो. भगवा, केशरी, नारिंगी असे जवळजवळचे रंग शेजारी आले तर नाव किंवा चिन्हानेही फरक कळला पाहिजे. मोठ्या आकड्यांना स्वल्पविराम आपल्या पद्धतीने, १२,३४,५६७, तयार टेम्प्लेट हजार-हजाराने तोडतात. आकडे मराठी की इंग्रजी ते चॅनेल ठरवेल, पण एकाच प्लेटवर दोन्ही मिसळू नका.

लाइव्ह ग्राफिक्स

इथे येऊन बरेच जण अडखळतात. आफ्टर इफेक्ट्समध्ये रेंडर होईपर्यंत बातमी शिळी होते, म्हणून पीसीआरमध्ये (जिथून कार्यक्रम लाइव्ह चालवतात त्या कंट्रोल रूममध्ये) रिअल टाइम सिस्टिम असतात. जगभर व्हिझआरटी चालतं, त्यात डिझायनर व्हिझ आर्टिस्टमध्ये सीन बनवतो आणि ऑपरेटर दुसऱ्या स्क्रीनवर मजकूर भरून ऑन एअर करतो. आपल्याच देशात बनलेलं वास्पथ्रीडी भारतीय न्यूज चॅनेल्समध्ये बरंच दिसतं. ही सॉफ्टवेअर घरी सहज मिळत नाहीत, पण त्यामागचा विचार घरी शिकता येतो. स्वीडनच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने, एसव्हीटीने बनवलेलं कॅस्परसीजी मोफत आणि ओपन सोर्स आहे, त्यात एचटीएमएलचे टेम्प्लेट चालतात. तेही जड वाटलं तर ओबीएस हे लाइव्ह स्ट्रीमिंगचं मोफत सॉफ्टवेअर घ्या, ब्राउझर सोर्स टाका आणि एचटीएमएल-सीएसएसमध्ये एक पट्टी बनवून लाइव्ह चालवा. ब्राउझर देवनागरी अगदी बिनचूक जोडतो हा यातला मोठा फायदा. गावच्या कबड्डी स्पर्धेचं किंवा कॉलेजच्या गॅदरिंगचं युट्यूब लाइव्ह असेल तर स्कोअरबोर्ड करून देतो म्हणून सांगा, लाइव्हची शिस्त तिथेच अंगी लागते.

डिजिटल

यात फार अवघड काही नाही. उभ्या व्हिडिओला १०८० बाय १९२०, फीडला १०८० बाय १३५० किंवा चौकोन. रीलच्या खाली आणि उजवीकडे अ‍ॅपची बटणं येतात, तिथे मजकूर नको. लोक आवाज बंद ठेवून बघतात, तेव्हा सबटायटल मोठी आणि दोन ओळींतच. टीव्हीचा अ‍ॅस्टन उभ्या फ्रेममध्ये दाबून बसवू नका, त्याची मांडणी नव्याने करा. अ‍ॅप आणि वेबसाइटसाठी लॉटी शिकून ठेवा, हालचाल व्हिडिओऐवजी छोट्या फाइलमध्ये जाते.

कोर्स करायचा का?

पायाभूत डिझाइन शिकायला बीएफए अप्लाइड आर्ट हा अजूनही चांगला रस्ता आहे, मुंबईचं सर जे. जे., पुण्याचं अभिनव ही नावं सगळ्यांना माहीत आहेतच. पदवीनंतर आयआयटी मुंबईच्या आयडीसीत अ‍ॅनिमेशन शिकता येतं, त्यासाठी सीड ही परीक्षा द्यावी लागते, अहमदाबादला नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन (एनआयडी) आहे. हे जमण्यासारखं नसेल तर गल्लीतल्या लाखभर फीच्या डिप्लोमाला पैसे भरायच्या आधी तिथल्या विद्यार्थ्यांची कामं मागून बघा, त्यात एकही मराठी पट्टी नसेल आणि सगळ्यांचा लोगो एकाच टेम्प्लेटसारखा फुटत असेल तर ते पैसे कॉम्प्युटरला लावा.

शोरील एक मिनिटाच्या आत ठेवा आणि पहिलं काम सगळ्यात चांगलं. त्यात अ‍ॅस्टन, एक फुलफ्रेम, एक स्टिंग, एक नकाशा आणि एक उभा व्हिडिओ एवढं असलं तरी बास, पण मजकूर खरा मराठी आणि शुद्ध हवा, आमच्याकडे आलेल्या रीलमध्ये "ब्रेकींग न्यूझ" दिसलं की पुढे बघावंसं वाटत नाही. टेम्प्लेट विकत घेऊन बदललं असेल तर तसं सांगा, बघणाऱ्याला ते कळतंच. संगीत आणि फुटेज लायसन्सचं. मुलाखतीत बहुतेक जागी टेस्ट देतात, एक-दोन तासांत पट्टी नाहीतर प्लेट करून दाखवायची असते. तिथे आधी कॉम्प २५ वर आहे का बघा, टेक्स्ट इंजिन बदला, सेफ एरिया लावा, साधी पण न तुटणारी पट्टी पूर्ण करा, लेयरना नीट नावं द्या आणि वेळ उरला तरच चमक घाला. प्रोजेक्ट देताना कलेक्ट फाइल्स करून फॉन्टसकट फोल्डर द्या, कारण तुमची फाइल उघडणारा माणूस वेगळ्या मशीनवर बसलेला असतो आणि तिथे मुक्ता फॉन्ट नसेल तर त्याला दुसऱ्याच अक्षरातली विस्कटलेली पट्टी दिसते.